खरवडलेली तबकडी

बारांकिया शहरात आर्नुल्फोच्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे अख्खी गल्ली नाचायची. खलाशी त्याला आफ्रिकेतल्या बंदरांतून गाण्यांच्या तबकड्या आणून द्यायचे. तबकडी हातात पडली की तो आधी ब्लेडनं तिचं लेबल खरवडून काढायचा. सगळेच स्पीकरवाले तसं करत. बँडचं नाव फुटलं, तर दुसरा कुणी तेच गाणं मागवणार आणि गर्दी त्याच्या गल्लीत पळणार!

"अरे, तू तरी नाव वाचून ठेव की!" बायको नूबिया ओरडायची.

"वाचलं तर रम पोटात गेल्यावर तोंडातून निघेल. नकोच ते!"

त्यातल्या एका गाण्यात गायक मध्येच बकरीसारखा ओरडायचा, म्हणून गल्लीनं त्या गाण्याचं नाव 'बकरी' ठेवलं. ते लागलं की आर्नुल्फो सगळं सोडून नूबियाबरोबर नाचायचा. नाच संपला की दर वेळी ती म्हणायची, "ह्या बँडचं आणखी एखादं गाणं आण ना रे." आणणार कसं? कुणाचं म्हणून मागणार?

नूबिया जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा नात युर्लेदिस फोन घेऊन बसली. "आजोबा, बँडचं नाव सांगा, त्यांची बाकीची गाणी शोधून देते." फोनला 'बकरी' ऐकवली. त्यालाही ती ओळखता आली नाही.

आर्नुल्फोनं तबकडी उजेडात धरली. मधोमध नुसते ब्लेडचे ओरखडे.

"पक्कं लपवलं गं मी," तो म्हणाला. "तुझ्या आजीलासुद्धा सापडू दिलं नाही."