मागं जाता न येणारा गेम

जुना गेम नवा करून देणारी माणसं माझ्या डोक्यात जातात, आणि पोटापाण्यासाठी मी तेच करते. सांगलीत घरी बसून पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी मोबाईलचे गेम बनवते. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, लोकांना जुन्या गेमची आठवण येते, तर तोच काढा, फक्त चकाचक करा. मग त्याच उड्या, त्याच भिंती, वरून सोनेरी रंग आणि मधे मधे जाहिराती. अहो, त्या जुन्या गेमनं आम्हाला वेड लावलं ते काय रंगासाठी? बोटाच्या पेराएवढा माणूस आणि चार ठोकळे, तरी जीव नुसता वरखाली व्हायचा. जुन्यातून नवं काढायचं तर ते जीव वरखाली होणं घ्यावं आणि आपल्या रानात आणावं, असं मी एकदा मीटिंगमध्ये बोलून गेले. लगेच पुढचा विषय निघाला. म्हटलं, चुलीत गेली तुमची मीटिंग, माझा मी काढते.

काढत होते दादासाठी. माझा थोरला भाऊ जतच्या पूर्वेला एका वाडीत मेंढरं राखतो. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला निघायचं, कडेगावावरून पार वाईला कृष्णेवर पाणी पाजेपर्यंत, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत, आणि पावसाच्या तोंडाला माघारी. आई-बापू वाटेवर, म्हणून आम्हा दोघांना शाळेसाठी सांगलीत मामाकडं ठेवलेलं. मामाकडं टीव्हीला लावायचा कॅसेटचा गेम होता आणि दादा त्यातला राजा. मी मेले की तो रिमोट हिसकावून घ्यायचा, "सर बाजूला, तुला जमतंय व्हय ते!" आणि एका दमात पार. पुढं बापूंचा पाय मोडला, दादा शाळा सोडून कळपामागं गेला, मी शिकत राहिले. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

यंदा त्यानं कळप विकायचं ठरवलं. गुडघे गेलेत, पोरं बाहेरगावी कामाला, आणि वाटेवर बसायला रान तरी कुठं उरलंय? जिकडं बघावं तिकडं ऊस, नाहीतर तारेचं कुंपण. फोनवर म्हणाला, "इकतो आता. लय झालं." एवढंच. मेंढरं जाणार तशी ती वाटही जाणार, आणि ती माहीत असलेला आमच्या घरातला शेवटचा माणूस अंगणात बसून राहणार.

म्हणून हा गेम. वाडीपासून वाईपर्यंत कळप न्यायचा. वाटेत लांडगा, उसाचे ट्रॅक्टर, हायवे, गावोगावची कुत्री. दादा ‘हे आपलं हाय’ म्हणाला तरच तो लोकांसमोर आणायचा, नाहीतर पुसून टाकायचा, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण काम लांबत गेलं आणि मी वाडीवर पोचले ती नेमकी कळप जायच्या दिवशी सकाळी. व्यापाऱ्याचा टेम्पो दुपारनंतर येणार होता.

दादा मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ घोंगडं टाकून बसला होता. दाढी वाढलेली. मी गेम लावून मोबाईल हातात दिला. बघता बघता बोटांना जुनं वळण आठवलं. थोड्या वेळानं हसला, "आयला, ही तर कडेगावची वाट गं! ह्यो वढा तर तसाच हाय!" मला इतकं बरं वाटलं, की आता टेम्पो नाहीच आला तर काय होईल, असंही येऊन गेलं मनात.

मग गेममधली एक मेंढी व्याली. ती खाली बसली, कळप पुढं गेला. दादानं बोट मागं ओढलं. पडदा हलेना. परत ओढलं.

"अगं, ती मागं राह्यली की."

"राहू दे रं, एखादी जाती. पुढं चल, लांडगा येतोय."

"राहू दे?" त्यानं मान वर केली. "व्यालेली मेंढी टाकून पुढं जायचं? कुनाची पोर गं तू?"

"आरं, मामाकडच्या गेमात तसंच व्हतं. एकदा पडदा पुढं सरकला की मागं जाताच यायचं न्हाई. तेच ठेवलंय मी, मुद्दाम."

"ते तवाबी खोटंच वाटायचं मला. पर तवा मागं ऱ्हायचं ते एखादं नाणं. हितं जीव हाय." मोबाईल त्यानं माझ्या मांडीत टाकला. "न्हाई खेळायचं मला."

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "तू सगळा कळप इकायला काढलायस, आन् माझ्या एका खोट्या मेंढीवरनं मला शिकवतोस?"

तो उठून जाळीच्या पलीकडं गेला. दारातून वहिनी म्हणाली, "काय ओ वन्सं, आजच बोलायचं व्हतं व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग दादावर नव्हताच. ते मीटिंगवाले जुन्यावर रंग फासतात म्हणून मी नाक मुरडत होते, आणि मी काय केलं होतं? जुन्यातली मागं जाऊ न देणारी भिंतच तेवढी उचलून आणली होती. धनगराची पोर असून!

वहिनीच्या चुलीपाशी लॅपटॉप उघडला. पडदा मागं न्यायचा म्हटल्यावर सगळंच बिघडलं. मागं गेलं की मेलेला लांडगा परत यायचा, कुत्री हवेत तरंगायची, एकदा तर अख्खा कळप विहिरीत. वहिनीनं दिलेला चहा तसाच निवून गेला. शेवटी कसंबसं जमलं. जाऊन मोबाईल त्याच्यासमोर धरला. म्हटलं, "जा मागं."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, पण घेतला. तो खेळत असतानाच टेम्पो आला. ड्रायव्हरनं हॉर्न मारला, खाली उतरला, मागची फळी पाडली. दादाची मान वर होईना. वहिनी जवळ जाऊन म्हणाली, "आवं, आले की त्ये."

"थांब म्हनावं जरा. एक मागं राह्यलीया."

ड्रायव्हर बिचारा कपाळावर हात धरून माळाकडं बघत उभा राहिला. कुठं काही दिसेना. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मी खाली.

मेंढी मिळाली असावी. दादानं मोबाईल माझ्या हातात दिला, जाळी सोडली आणि पहिली मेंढी स्वतःच उचलली. टेम्पोत चढवली. मग दुसरी. ड्रायव्हर मदतीला आला तर त्याला हातानंच बाजूला केलं.

"दादा," मी म्हटलं, "गेम काढू का रं बाहेर?"

"काढ की." तो पुढच्या मेंढीच्या पोटाखाली हात घालत होता. "आन् पुढला भाग काढलास तर त्यात ह्यो टेम्पो घालू नगंस."