धावदोरा

“नाव सांग, मग कापतो,” असं म्हणून ती कात्री उचलायची आणि कान देऊन बसायची.

शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं दुकान होतं. सगळे तिला आक्का म्हणत. साडी टाकायला गेलेलं माणूस तिच्या तावडीतून मोकळं सुटत नसे. आधी ती मोबाइल पुढं करी. जपानमधला कुणी माणूस छत्री घेऊन गल्लीबोळांतून नुसता चालतोय, तोंडातून अवाक्षर नाही. नाहीतर बर्फातून एक छोटी रेल्वे चाललीय. आक्काचं माहेर कणकुंबीचं. डोंगरातलं जपानी खेडं दिसलं की ती म्हणे, “आमचं कणकुंबीच की गं हे, निस्तं जरा झाडून काढल्यालं.”

मी नोकरीसाठी रोज निपाणीला जाते. बसमध्ये मोबाइलवर काय बघायचं ते तीच ठरवून देई, आणि संध्याकाळी परतल्यावर चौकशीही करी. न बघता बघितलं म्हणून सांगायची सोय नव्हती. “त्या छत्रीवाल्याला पुलावर कोण भेटलं?” असं ती हळूच विचारायची.

पण तिचा खरा जीव जपानी गुप्तहेरांच्या चित्रपुस्तकांवर. इंग्रजीत आलेली ती मागवायची आणि गल्लीभर वाटायची. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडं वाचायची असतात. पहिलंच पुस्तक तिनं समोरच्या औषधांच्या दुकानातल्या अण्णांना दिलं आणि नेमकं हेच सांगायला विसरली. अण्णांनी ते आपल्या सवयीनं उघडलं आणि घटकाभरात परत आणून दिलं. “आक्का, खुनी पयल्याच पानावर गावला की. रडाय लागलाय. आता फुडं कशाला वाचू?”

तेव्हापासून पुस्तक देण्याआधी आक्का शेवटच्या प्रकरणाची पानं फॉलच्या उरलेल्या दोऱ्यानं शिवून टाकू लागली. कडेनं लांब लांब धावदोरा. तिथवर वाचून झालं की पुस्तक घेऊन तिच्याकडं जायचं, खुनी कोण वाटतो ते सांगायचं, मग ती टाके कापणार. आमचा अंदाज चुकला की तिला केवढा आनंद व्हायचा. मला वाटतं, गोष्टीपेक्षा तिला आम्ही कुणावर संशय घेतो हेच ऐकायचं असायचं.

मग तिला पोटाचं दुखणं लागलं. दुकानाचं दार आठवड्यातून कधीतरी उघडे, पुढं तेही बंद झालं. आजाराआधी मागवलेलं एक पुस्तक उशिरा आलं, तोवर तिच्या हातात पुस्तक धरायचीही ताकद राहिली नव्हती. मी सुट्टीच्या दिवशी तिच्या उशाशी बसून चित्रं सांगत, मजकूर मराठीत करत वाचत गेले. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटचं प्रकरण आलं तशी तिनं हात वर केला.

“थांब. टाका घाल त्येला. उद्या नाव सांगतो, मग काप.”

वाच म्हणाली असती तर मी तेव्हाच वाचलं असतं. पण तिला उद्या हवा होता. मी सुईत दोरा ओवला आणि जमतील तसे टाके घातले. तिनं त्यावरून बोट फिरवलं. “लई वाकडं घातलीस गं,” म्हणाली आणि हसली.

पहाटे ती गेली.

तेराव्यानंतर अण्णा माझ्या दारात आले. त्यांच्या हातात आक्कानं शिवून दिलेलं एक पुस्तक होतं. “माझं नाव ठरलंय. आता कुणाला सांगू?” ते म्हणाले. मी आत बोलावलं. त्यांनी नाव सांगितलं, मी टाके कापले. त्यांचा अंदाज बरोबर निघाला आणि आम्ही दोघंही रडलो.

माझ्याकडचं पुस्तक मात्र अजून तसंच आहे. अण्णा म्हणतात, काप आता. मी कात्री घेऊन बसतेही. टाके वाकडेच आहेत, ओढले तरी निघतील. खुनी कोण ते मला कळेल. आक्का कुणाचं नाव घेणार होती, ते कळणार नाही.