डाव्या बाजूचा कप्तान

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझे धाकटे दीर शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. घराच्या मागच्या भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत गोल गोल डाग होते. मला वाटलं ओल आली असेल. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "ओल कसली, तुझा दीर आहे तो."

भावोजी संध्याकाळभर भिंतीवर चेंडू मारायचे आणि परत आलेला अडवायचे. गोल करायची हौस त्यांना कधीच नव्हती. बाकीची मुलं गोल केला की हात पसरून पळत सुटायची. यांना मात्र कुणाचा तरी गोल होऊ दिला नाही की पोटभर जेवल्यासारखं समाधान. मैदानावर त्यांना 'अडसर' म्हणायला लागले. दाराला आतून लावायचा आडवा दांडा, तो अडसर. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ते असं चिकटलं की पुढे कारखान्यातसुद्धा मुकादम त्याच नावानं हाक मारू लागला.

शाळा संपली तसे भावोजी माझ्या यजमानांच्या पाठोपाठ मागाच्या कारखान्यात लागले. आमच्या भागातला फुटबॉलचा क्लब म्हणजे कारखान्याचीच माणसं. सकाळची पाळी करून, तोंडावर पाणी मारून सरळ मैदानावर. विणकर नसलेला एकच गडी होता, आमचा गोलकीपर. तो बेकरी चालवायचा. पहाटे भट्टी पेटवायची आणि संध्याकाळी गोल राखायचा. त्याच्या हातमोज्यांना कायम पावाचा वास यायचा.

मागाच्या शेडमध्ये मी एकदाच गेले होते, डबा द्यायला. आत पाऊल टाकलं आणि वाटलं, डोक्यात कुणी खडे भरून हलवतंय. तिथे बोलून काही उपयोग नसतो. माणसं ओठ हलवतात आणि हातानं खुणा करतात. मुकादम आला, धागा तुटला, चहाची वेळ झाली, सगळ्याला खूण. काम करता करता दर थोड्या वेळानं मान वळवून एकमेकांकडे बघायची त्यांना सवयच असते, कारण हाक ऐकू येणार नाही हे धरूनच चाललेले असतात. ही सवय दोघे भाऊ घरीही घेऊन आले. जेवताना माझ्यासमोर बसून खुणेनं बोलायचे. मी मुकाट्यानं वाढत राहिले आणि शिकत राहिले. एक दिवस भावोजींनी दोन बोटं चोळून भावाला सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे. मी पळी खाली ठेवली आणि हातानंच उत्तर दिलं, उद्या तुम्हीच करा. दोघांचे घास हातातच राहिले.

पुढे भावोजींचं लग्न झालं, आणि त्याच सुमारास ते क्लबचे कप्तान झाले. तेव्हा एका मोठ्या क्लबचा माणूस घरी आला होता. पक्की नोकरी देऊ, राहायला जागा देऊ, फक्त आमच्याकडून खेळा म्हणाला. भावोजींनी त्याला चहा पाजला, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि नको म्हणून सांगितलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "भावोजी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"वहिनी, तिथे मी चुकलो तर मला शिव्या कोण देणार? इथे निदान ओळखीची माणसं देतात."

यजमान म्हणाले, "शिव्यांची एवढी भूक असेल तर घरीच सोय करतो की." पण मनातून त्यांनाही बरं वाटलं होतं.

अशी बरीच वर्षं गेली. क्लब पहिल्या गटात टिकून होता, कधी वरच्या अंगाला, कधी खालच्या. भावोजी उजव्या बाजूचे मधले बचावपटू. त्यांच्या बाजूनं कुणी आत शिरलं तर वस्तीत दोन दिवस चर्चा व्हायची.

मग एका हंगामात सगळं बिनसलं. प्रतिस्पर्ध्यांनी उंच चेंडू टाकला होता. गोलकीपर पुढे येऊन "माझा! माझा!" ओरडत होता. अशा वेळी बचावपटूनं बाजूला व्हायचं असतं. भावोजी झाले नाहीत. त्यांनी उडी मारून डोकं लावलं आणि चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून आपल्याच जाळ्यात गेला. पलीकडच्या कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "अडसर आतूनच उघडला रे!" सगळं मैदान हसलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा तेच, फक्त या वेळी दोघे एकमेकांवर आदळले आणि बेकरीवाल्याचा ओठ फुटला. लोक बोलायला लागले की दोघांत काहीतरी वाकडं आहे. कुणी म्हणे वय झालं. भावोजी कुणालाच काही बोलले नाहीत. "चूक माझी," एवढंच.

माझ्या मात्र लक्षात आलं होतं. जेवताना ते जागा बदलून भिंतीला डावी बाजू लावून बसायला लागले होते. त्याआधी माझी जाऊ डावीकडून हाक मारायची तेव्हा त्यांचा घास चालूच असायचा. शेडमधलं मोठं यंत्र त्यांच्या डाव्या हाताला होतं, वर्षानुवर्षं. एक दिवस ते अंगणात बूट घासत बसले होते. मी डाव्या बाजूनं जाऊन उभी राहिले आणि सरळ विचारलं. उत्तर नाही. पुढे येऊन पुन्हा विचारलं, "भावोजी, या कानानं ऐकू येत नाही ना?"

ते दचकले. "वहिनी, हळू बोला."

"हळू बोलले तर तुम्हाला ऐकू कसं येणार?"

त्यांना हसू आलं, आणि मग त्यांचा चेहरा पडला. डॉक्टरांना दाखवून आले होते. डावा कान गेला, परत येणार नाही. उजवा चांगला आहे. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"क्लबात कळलं तर माझा खेळ संपला," ते म्हणाले.

"आणि न कळता तुम्ही दुसऱ्याचे ओठ फोडताय त्याचं काय? तो बिचारा तुमच्या भरवशावर पुढे येतो."

 ते बूट तेवढ्याच ठिकाणी घासत राहिले. त्या रात्री मी देवाजवळ एवढंच मागितलं की यांना खरं बोलायची ताकद दे, बाकीचं त्यांचं ते बघतील.

दोनच दिवसांनी क्लबचे प्रशिक्षक घरी आले. त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो, कारण ते शाळेत चित्रकला शिकवायचे. सोबत बेकरीवाला होता, ओठावर खपली. मास्तर बसले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग मेजावरच्या रिकाम्या कपाकडे बघत म्हणाले, "काही सामने बाहेर बसतोस का? दंडावरची कप्तानाची पट्टी दुसऱ्याकडे देऊ. क्लब खालच्या गटात जायची पाळी आली आहे बाबा, मला धोका घेता येत नाही."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा गाळत होते, गाळतच राहिले.

"मास्तर, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," ते म्हणाले. "मागचं वर्षभर. हा ओरडतो ते मला कळतच नाही."

जाऊबाईच्या हातातली बशी खाली ठेवली गेली, तेवढा आवाज झाला. बेकरीवाला जागचा उठला. मग म्हणाला, "म्हणजे वर्षभर मी कुणाच्या नावानं बोंबलतोय? घसा बसला माझा! बायको म्हणते गिऱ्हाइकांशी खेकसता का!"

"माफ कर."

"माफ बिफ नंतर. आधी सांगायला काय झालं होतं? मी तुझ्यावर रुसून बसलोय आणि तू बहिरा!"

मास्तरांचं दोघांकडे लक्ष नव्हतं. त्यांनी कप आणि बशा मेजावर मांडायला सुरुवात केली होती. साखरेचं भांडं म्हणजे गोल. त्याच्यापुढे चमचा आडवा ठेवला, तो गोलकीपर. "तू उजवीकडे खेळतोस," त्यांनी एक कप उजवीकडे सरकवला. "म्हणजे हा कायम तुझ्या मागे, डाव्या अंगाला. तुझा नेमका गेलेला कान याच्याकडे." मग त्यांनी तो कप उचलून डावीकडे ठेवला. "आता हा तुझ्या उजव्या अंगाला आला. ऐकू येईल?"

"येईल."

"पण डावीकडे डावा पाय लागतो."

माझे यजमान दाराशी टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "मास्तर, याचा डावा पाय फक्त उजव्याला सोबत म्हणून दिलाय देवानं."

"शिकतो," भावोजी म्हणाले.

"या वयात?"

"शिकतो म्हटलं ना. आणि माझ्यामुळे आणखी एक गोल गेला तर पट्टी मीच काढून तुमच्या हातात देईन. मागायला यावं लागणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर पुन्हा डाग पडायला लागले. शाळकरी वयात चेंडू निदान भिंतीला लागायचा, आता तो शेजाऱ्यांच्या कपड्यांच्या दोरीवर जायचा. शेजारीण म्हणाली, "तुमच्या दिरांना सांगा, माझ्या चादरी बचाव करत नाहीत." भावोजींनी तिची चादर स्वतः धुऊन दिली आणि पुन्हा सुरू केलं. डाव्या पायाचं नख काळं झालं. जाऊबाई रोज मीठ घातलेलं गरम पाणी द्यायची आणि रोज बोलायची. पाय पाण्यात, कान तिच्याकडे, उजवा.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. सरावात त्यांनी सगळ्यांना शेडमधल्या खुणा मैदानावर वापरायला लावल्या. विणकरांना काही कठीण गेलं नाही. बेकरीवाला मात्र वैतागला. "मी काय मुका आहे?" त्यावर भावोजी म्हणाले, "नाहीस, पण मी अर्धा बहिरा आहे, आणि मैदानात गर्दी असली की सगळेच बहिरे." दर थोड्या वेळानं मान वळवून बघायचं, गोलकीपरनं छातीवर हात ठेवला तर चेंडू त्याचा, हात पुढे झटकला तर तू मार. बेकरीवाला पाव विकता विकता छातीवर हात ठेवायला लागला. गिऱ्हाइकांना वाटायचं, हा किती नम्र झालाय.

पहिले काही सामने वाईट गेले. भावोजींचा पाय घसरायचा, चेंडू भलतीकडे जायचा. पण त्यांच्यामुळे गोल गेला नाही. क्लब हळूहळू तळातून थोडा वर आला आणि सगळं शेवटच्या सामन्यावर येऊन थांबलं. हरलो तर खालचा गट, बरोबरी झाली तरी चालणार होतं.

सामना दुसऱ्यांच्या मैदानावर होता. मी आणि जाऊबाई दोघी गेलो. बसायला पत्र्याच्या छपराखाली जागा मिळाली आणि त्यांच्या माणसांनी त्या पत्र्यावर काठ्या बडवायला सुरुवात केली. शिट्ट्या, डबे, आरडाओरडा. जाऊबाई माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी बोलली, मला अक्षर कळलं नाही. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, ते मलाच ऐकू येत नव्हतं.

त्या आवाजात त्यांच्याच बचावपटूंची फजिती होत होती. ते एकमेकांना हाका मारत होते आणि कुणीच ऐकत नव्हतं. आमची माणसं मात्र पाळीवर असल्यासारखी दिसत होती. मान वळत होती, हात हलत होते, चेंडू जिथे जायचा तिथे जात होता. आम्हाला गोल करता आला नाही, पण त्यांनाही करू दिला नाही.

सामना संपायच्या जवळ आला आणि त्यांचा एक पोरगा आमच्या डाव्या अंगानं सुटला. वाऱ्यासारखा. भावोजी त्याच्या मागे, धाप लागलेली. त्यानं चेंडू आत टाकला. तो जमिनीवर टप्पा घेऊन गोलासमोर आला, भावोजींच्या डाव्या पायावर. उजवा पाय वापरायला फिरावं लागलं असतं आणि तेवढा वेळ नव्हता. त्यांनी मान वळवली. बेकरीवाल्यानं हात पुढे झटकला. भावोजींनी डावा पाय असा फिरवला की चेंडू आमच्या डोक्यावरून, पत्र्यावरून, पलीकडच्या गल्लीत गेला. दिसायला काही छान नव्हतं. भावोजी तर तोल जाऊन बसलेच.

दुसरा चेंडू आणेपर्यंत वेळ गेला. थोड्याच वेळात शिट्टी झाली. बरोबरी. क्लब पहिल्या गटातच राहिला.

परत येताना बसमध्ये मास्तर भावोजींशेजारी बसले होते. मी मागच्याच बाकावर होते. मास्तर म्हणाले, "पुढच्या हंगामाचं आत्ताच विचारून ठेवतो. पट्टी कुणाच्या दंडावर बांधू?"

भावोजींनी चिखलाचा बूट काढून सुजलेलं नख बघितलं. "माझ्याच. पण कोपऱ्यावरून येणारे चेंडू अजून डाव्या पायानं नीट जमत नाहीत. उद्यापासून ते घेऊ."

"उद्या सुट्टी आहे रे सगळ्यांना."

"असू द्या. मी एकटा येईन."

जाऊबाईनं माझा हात दाबला. "ऐकलंत ताई? मला वाटलं आता तरी घरी बसतील."

"बसतील," मी म्हटलं, "देवानं पाय परत मागितले की."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालायला मागे गेले. भिंतीवर चेंडू आपटत होता. शेजारणीनं आपल्या चादरी आधीच आत नेल्या होत्या.