पाहुण्यांचे गोडे पाणी

महाराष्ट्र राज्य नवे होते. वरवट बकालला आमच्या विहिरीचे पाणी खारे, म्हणून पाहुण्यांसाठी दुरून गोडे पाणी आणून ठेवत. समुद्राचा मासा खाऱ्या विहिरीत वाढेल, या आशेने काकांनी कोकणातून बोईची पिल्ले डब्यात आणली. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरून घरी पोचताच काका थकून आडवे झाले. पिल्ले मलूल दिसली, म्हणून काकूंनी त्यातली निम्मी गोड्या पाण्याच्या घंगाळात सोडली. काका उठले तेव्हा घंगाळातली मेलेली होती.

"गोडं पाणी काऊन देल्लं?"

"पाहुण्यायले खारं पाजू का?"

विहीर समुद्राइतकी खारी नव्हती, म्हणून उरलेल्यांना सवय व्हावी यासाठी काकांनी डब्यातल्या समुद्राच्या पाण्यात विहिरीचे पाणी पेल्यापेल्याने मिसळत नेले. दुसऱ्या दिवशी उरलेली पिल्ले विहिरीत पोहू लागली.

"आता घरचेच झाले," काकू म्हणाल्या. "पिऊ द्या खारं."