पोवळ्याला गुलाबी मारून देऊ का?

गेल्या वर्षी मालवणला स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स केला, समुद्राखाली व्हिडिओ काढला, आणि घरी आल्यावर मोठ्या हौसेने शेजारपाजारच्यांना बोलावून टीव्हीवर लावला. समोरच्या ज्योत्स्नाबेन हातातला चहा खाली ठेवून म्हणाल्या, "वर्षाबेन, आ तो आपणुं सूरसागर लागे छे!" सगळे खोखो हसले. बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगते, सूरसागर म्हणजे आमच्या गावाच्या मधोमध असलेला तलाव. त्याचं पाणी कसं असतं ते विचारू नका.

मला झोंबलं. नंदेसरीला रंगांच्या कारखान्यात मी शेड मॅचिंग करते. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या कापडाच्या तुकड्याशी आमचा रंग तंतोतंत जुळतो की नाही हे ठरवणं माझं काम. लालमध्ये केसभर पिवळं जास्त पडलं तरी माल परत येतो. आणि मी काढलेल्या व्हिडिओत मासा हिरवा, दगड हिरवा, मीही हिरवी!

पण खरी बोच वेगळी होती. माझ्या सासूबाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. त्या दिवशी सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, "वर्षा, मी जन्मभर तक्त्यावर छडी ठेवून पोवळं शिकवलं गं. जिवंत पोवळं कधी पाहिलं नाही. आता या गुडघ्यांनी पाहणारही नाही. पुढच्या वेळी तेवढं नीट रंगात आण." त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. त्यामुळे मे महिन्यात परत मालवण ठरलं, फक्त पोवळ्यासाठी.

जाणाऱ्यांसाठी माहिती: बडोद्याहून कोकणात थेट गाड्या आहेत, कुडाळला उतरायचं, तिथून मालवणला एसटी किंवा रिक्षा. सुट्टीत तिकीट फार आधी काढा. गाडीत खायला आम्ही ठेपले आणि बडोद्याचा ओलसर चिवडा, लीलो चेवडो, घेतला होता, म्हणजे खरं तर शेखरनेच घेतला होता. शेखर माझा नवरा. कोयलीला रिफायनरीत आहे, कानाच्या दुखण्यामुळे डायव्हिंग करत नाही, आणि बोटीत बसून चेवडा खाणं यालाच तो जलक्रीडा समजतो.

कुडाळ स्टेशनवर शेखर फोनवर भावाशी "हां, पहोंची गया, शांति छे" असं बोलला आणि रिक्षावाल्याने लगेच विचारलं, "गुजरातसून इलास?"

"बडोद्याचे आम्ही. मराठीच आहोत," मी म्हटलं.

"मराठी? मगे फोनार असा कसा बोलतास?"

"सवय."

"मासे खातास ना पण?"

खातो हो, खातो! बडोद्यात आम्ही 'महाराष्ट्रियन', महाराष्ट्रात पाऊल ठेवलं की 'गुजराती'. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी टिकवून ठेवणाऱ्यांनी आता काय पाटी लावून फिरायचं? मालवणला पोचेपर्यंत मी त्या रिक्षावाल्याशी बोलले नाही. दुपारी घरगुती खाणावळीत सुरमईचं ताट आणि दोन वाट्या सोलकढी पोटात गेल्यावर राग जरा उतरला. तळलेली सुरमई इतकी चांगली मी कुठेच खाल्लेली नाही.

आता रंगाबद्दल, कारण इंटरनेटवर याविषयी जितकं चुकीचं सांगितलं जातं तितकं कशाविषयीच नसेल. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. चार-पाच मीटरवरच लाल मळकट तपकिरी दिसायला लागतो, मागे उरतात निळा आणि हिरवा. उपाय म्हणून जो तो सांगतो की लाल फिल्टर लावा. मी लावून बघितला. मालवणचं पाणी हिरवट, त्यात लाल फिल्टर, म्हणजे सगळा व्हिडिओ मोहरी वाटून फासल्यासारखा! निळ्या पाण्यात लाल फिल्टर चालतो, हिरव्या पाण्याला जांभळट गुलाबी लागतो. एवढी साधी गोष्ट सांगायला कुणाची जीभ झिजते का?

दुसरं, टॉर्च. चांगला असतो, पण हातभर अंतरापर्यंतच. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यावर सोडू नका. पाण्यात गेल्यावर काहीतरी खरोखर पांढरं कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि त्याला सांगायचं, बाबा, हे पांढरं, याच्यावरून बाकीचं ओळख. खोली बदलली की परत सांगायचं. शक्यतो दहा ते बाराच्या मध्ये उतरा आणि सूर्य पाठीशी ठेवा. मी पांढऱ्यासाठी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण भोक पाडून मनगटाला बांधलं होतं. माझ्या मते उत्तम युक्ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट किल्ल्याच्या बाजूला गेली. माझ्याबरोबर डायव्हिंगला बाबलदादा होते, गेल्या वर्षी मला शिकवणारे. आजूबाजूला हौशी पर्यटकांच्या बोटी. अर्ध्या तासाचं डायव्हिंग, वर व्हिडिओ, हजार-दीड हजारात सगळं उरकून. मासे जमावेत म्हणून पाण्यात बिस्किटांचा चुरा टाकत होते. आणि खाली गेल्यावर पाहते तर एक गृहस्थ फोटोसाठी दोन्ही पायांनी पोवळ्यावर उभे! अंगठा वर करून! पाण्याखाली ओरडता येत नाही, नाहीतर त्या दिवशी बडोद्याची इभ्रत मी तिथेच घालवली असती. बाबलदादांनी त्यांना दंडाला धरून वर उचललं.

या सगळ्यात माझं झाकण सुटून गेलं. समुद्रात प्लास्टिक टाकणाऱ्यांच्या यादीत मीही आले, त्याबद्दल स्वतःला काय बोलायचं ते बोलून झालंय. आता पांढरं कुठून आणायचं? वाळू पिवळसर होती. तेवढ्यात जरा पुढे एक फिकट, गोलसर, मोठा खडक दिसला. तिथलं त्याच्याहून पांढरं काहीच नव्हतं. त्याच्यावर कॅमेरा धरला, बटण दाबलं, आणि स्क्रीनवर एकदम रंग उमलले. माशाच्या अंगावरचे पिवळे पट्टे पिवळे! बाबलदादांच्या सूटवरची लाल पट्टी लाल! माझ्या नखांचं पॉलिश तेच, बडोद्याहून लावून आणलेलं. तोंडात नळी असताना मी हसले आणि खारं पाणी प्यायले.

संध्याकाळी खोलीवर लॅपटॉपवर बघत होतो. शेखर म्हणाला, "वर्षा, आता सूरसागर कोण म्हणतं बघू!" मीही खूश. मग पोवळ्यांचा भाग आला, पाण्यात छोट्या स्क्रीनवर नीट न दिसलेला. पांढरा. एक नाही, सगळीच. मला वाटलं मीच रंग जास्त उडवले. माझ्या सवयीप्रमाणे ताडून पाहिलं, नखं बरोबर, माझा हात बरोबर, लाल पट्टी बरोबर. मग चुकीचं काय? काहीच चुकीचं नव्हतं. ज्याला खडक समजून मी पांढरा रंग ठरवला, ते पोवळंच होतं. कॅमेऱ्याला रंग शिकवण्याइतकं स्वच्छ पांढरं झालेलं पोवळं. मी लॅपटॉप मिटला.

सकाळी बाबलदादांना विचारलं. ते बोटीचा दोर गुंडाळत म्हणाले, "पाणी गरम झाला काय पोवळा रंग सोडता. गेल्या वर्षी थोडा होता. यंदा सगळाच." एवढं बोलून दोर गुंडाळत राहिले.

आणि डायव्हिंगवाल्यांच्या ऑफिसात व्हिडिओ बनवून देणारा माणूस, नाव लिहीत नाही, माझी क्लिप बघून म्हणाला, "ताई, फिकं आलंय. पोवळ्याला गुलाबी मारून देऊ का? सगळ्यांना तसंच देतो. पांढरं बघायला कोण येणार?"

मी म्हटलं, "म्हणजे रोज बोटी भरून माणसं येतात, आणि एकालाही कळत नाही?"

"कळून काय करणार ताई? सुट्टीला आलेली असतात."

माझं डोकं फिरलं. चुकीचा रंग गेला तर आमच्या कारखान्यात जाब द्यावा लागतो. इथे अख्खं पोवळं पांढरं पडतंय आणि त्याच्यावर रंग चढवून घरोघर वाटतायत! लोक घरी जाऊन म्हणणार, वा, किती सुंदर, सगळं कसं ठणठणीत आहे. मी "नको" म्हणून पाय आपटत बाहेर आले. शेखर मात्र आत रेंगाळला. का ते मला तेव्हा कळलं नाही.

कळलं बडोद्याला आल्यावर. नंदेसरीहून संध्याकाळी घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग. ज्योत्स्नाबेनसह हरणीच्या आमच्या सोसायटीतल्या सगळ्या बायका आत, टीव्हीवर माझा व्हिडिओ, आणि पोवळं गुलाबी. आई, म्हणजे सासूबाई, खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या, चेहरा फुललेला. "अगदी तक्त्यासारखं आहे गं!" त्या मला म्हणाल्या. ज्योत्स्नाबेन म्हणाल्या, "बहु सरस!"

मी शेखरला स्वयंपाकघरात ओढलं. "तू ते बनवून घेतलंस?"

"राहू दे ना वर्षा. या वयात तिला तेवढाच आनंद. काय बगडी गयुं?"

"त्यांनी रंगात आण म्हटलं होतं, रंगवून आण नाही!"

"सगळ्यांसमोर तमाशा नको."

तमाशा केला नाही. बायका जाईपर्यंत भजी तळली. मनात फार येत होतं की गप्प बसावं. त्या चेहऱ्यावरचं हसू मीच पुसायचं का? पण गप्प बसले असते तर मी आणि तो गुलाबी मारणारा माणूस यांत फरक काय राहिला असता? सगळ्या गेल्यावर मी म्हटलं, "आई, हे खरं नाही. खरं वेगळं आहे," आणि माझी क्लिप लावली.

आई उठून टीव्हीजवळ गेल्या, चष्मा वर-खाली करून पाहिलं. मग म्हणाल्या, "पोवळ्याचा रंग त्याच्या अंगातल्या शेवाळाचा असतो. तेच त्याला जेवण देतं. पाणी तापलं की पोवळं ते शेवाळ बाहेर टाकतं. मेलेलं नाही हे. उपाशी आहे." मग शेखरकडे वळल्या. "आणि मघाशी मला काय दाखवलंस? मी म्हातारी झाले म्हणून काहीही दाखवशील? मुलांनी चुकीचा रंग भरला तर मी आकृती परत काढायला लावायचे."

"आई, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलंच! वाटायला नको?" त्यांचा आवाज चढला होता. "पुसून टाक ते."

शेखरने मुकाट्याने पुसलं. आईंनी पांढरी क्लिप परत लावायला सांगितली आणि शेवटपर्यंत पाहिली, एकदाही मान न वळवता. संपल्यावर मला विचारलं, "पाणी गार कधी होतं तिकडे?"

"पावसाळ्यानंतर. बोटी ऑक्टोबरच्या सुमाराला परत सुरू होतात."

"मग तेव्हा जा. याच जागी," त्या म्हणाल्या. "रंग परत आला असला तर आण. नसला आला, तरी जसं असेल तसंच आण. मला समजतं."