बारकी सोडून द्यायची

पाचूबंदरच्या फिलोमिनाचा हात टोपलीत गेला की डोळ्यांना काम उरत नसे. कुठला बांगडा आजचा, कुठला कालचा आणि कुठला कालचा असून आजचा म्हणून मिरवतोय, ते तिची बोटंच सांगत. माणिकपूरच्या बाजारात तीस वर्षं ती मासळी विकत होती. गिऱ्हाईक माशाचा डोळा बघतं, ही गिऱ्हाइकाचा बघायची, आणि भाव करणाऱ्या बायकांना म्हणायची, "शिळी मासळी माझ्याकडं नाय, आनी शिळं बोलनं मला चालत नाय." शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत झालेली. मराठी वाचता यायचं, आकडे यायचे, आणि इंग्रजीशी तिचं कधी भांडण नव्हतं कारण ओळखच नव्हती.

अशा बाईच्या हातात पंचावन्नाव्या वर्षी व्हिडिओ गेमचं यंत्र दिसल्यावर बाजार हसला नसता तरच नवल. हसणाऱ्यांना हसायला काय लागतं? पोरगा गेल्यावर बाई चळली, असंही एकदोघींनी म्हणून घेतलं. त्यांना काय ठाऊक, ती त्या यंत्रात पोरालाच शोधत होती.

पोरगा म्हणजे जेसन, तिचा आणि क्लेमेंटचा एकुलता एक. बाप समुद्रावर, आजा समुद्रावर आणि हा मात्र वालीवच्या एका कारखान्यात प्लास्टिकची झाकणं तपासायला. "कोळ्याचा पोर झाकनं मोजतो," असं क्लेमेंट चारचौघांत म्हणायचा, पण पोराच्या पहिल्या पगारातला शर्ट त्याने बाहीला भोक पडेपर्यंत घातला. जेसनचं दुसरं वेड म्हणजे तो गेम. त्यात तऱ्हेतऱ्हेचे राक्षस असतात. त्यांना पाळायचं, वाढवायचं, सहा जणांची टीम बांधायची आणि दुसऱ्याच्या टीमशी झुंजायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण जेसन त्यासाठी जेवढं डोकं घालायचा तेवढ्यात माणूस वकील झाला असता.

त्याची रीत अशी होती. दोन चांगले राक्षस एकत्र ठेवले की अंडं मिळतं. अंडं घेऊन गेममधल्या गेममध्ये चालत राहायचं, मग ते फुटतं. निघालेलं पिल्लू तपासायचं. ताकद, चपळाई, सोसण्याची शक्ती, सगळं सहाही बाजूंनी भरलेलं असेल तर ठेवायचं, नाहीतर पुढचं अंडं. शेकड्यांनी पिल्लं निघतात, त्यात एखादं मनाजोगतं मिळतं. जेसन ओट्यावर बसून ते चालणं करायचा आणि फिलोमिना ओरडायची, "बसून कसला चालतोस रे? उठून जरा पानी भर."

पाच राक्षस त्याचे तयार झाले होते. गेममध्ये आपल्या राक्षसाला आपलं नाव ठेवता येतं, इंग्रजी अक्षरांत का होईना. जेसनने त्यांची नावं आईच्या टोपलीतून उचलली होती. मार सोसणारा तो घोळ. आधी चावून मग विचार करणारी मुशी. चपळ तो बांगडा. जाड कवचाची शेवंड. आणि एका टोल्यात समोरच्याला आडवा करणारा कुपा. फिलोमिनाला नावं वाचता यायची नाहीत, पण तोंडं पाठ होती. "आनी सहावा?" ती विचारायची. "सहावी," जेसन म्हणायचा. "यायचीय अजून. आली की सांगीन."

जानेवारीत ठाण्याला या गेमची मोठी स्पर्धा होती. त्याआधीच्या सप्टेंबरात त्याला ताप आला. डेंग्यू म्हणाले. प्लेटलेट, प्लेटलेट हा शब्द फिलोमिना पाच दिवस ऐकत राहिली, आणि सहाव्या दिवशी तो शब्द कुणी उच्चारेना तेव्हा तिला कळलं. जेसन चोवीस वर्षांचा होता.

जेसनच्या महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, चर्चच्या मागच्या बाकावर एक मुलगी बसली होती. मिस्सा संपल्यावर ती घुटमळत पुढे आली. क्षितिजा, राहणारी विरारची, आईवडील मूळचे कोकणातले, जेसनच्याच कारखान्यात ऑफिसात कामाला. गेममुळे दोघांची मैत्री झालेली. मैत्रीच की आणखी काही, ते फिलोमिनाने तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. मुलीचे डोळे पाहिले, तेवढं तिला पुरलं.

"आंटी, एक मागू?" क्षितिजा म्हणाली. "जेसनची टीम स्पर्धेला न्यायचीय. त्याच्या नावाने. मी खेळीन. तुमची परवानगी असेल तरच."

फिलोमिनाने पदराने तोंड पुसलं. "ने," ती म्हणाली. "पन मशीन घरातनं जानार नाय. तू ये. आनी मलाबी शिकव."

मग दर रविवारी मिस्सेनंतर क्षितिजा पाचूबंदरला यायची. 'क्षि' काही फिलोमिनाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती शितू झाली. आंबट सोड्यांची भाजी, भाकरी, आणि जेवण झालं की ओट्यावर दोघींची मिळून कुणा अनोळखी खेळाडूशी ऑनलाइन झुंज. शिकवताना क्षितिजाची तारांबळ उडायची, कारण विद्यार्थीण प्रश्न फार विचारायची. पण महिन्याभरात उलटंच झालं. समोरचा कुठला राक्षस पुढे काढणार हे फिलोमिना आधी सांगायला लागली. "आंटी, तुम्हाला कसं कळतं?" "जो भाव करून निघून जातो तो वळून येतो गो. हा आता वळनार." आणि तो वळायचा. त्या दुपारी फिलोमिना हसली, सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. हसल्याबद्दल मग बराच वेळ तिला स्वतःचा राग आला.

तिला जिंकण्याशी देणंघेणं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की त्या दिवशी पोराची टीम पोराच्या नावाने पुरी उभी राहावी. सहाच्या सहा. बाकी देवाने काही ऐकलं नव्हतं, एवढं ऐकायला हरकत नव्हती.

"सहावीचं काय?" तिने एकदा विचारलं.

क्षितिजा गालात हसली. "ती आहे, आंटी. जेसनला मिळाली होती. आपण नाताळनंतर तिला वाढवू. तोवर विचारू नका, त्याने मला शप्पथ घातलीय."

कशी आहे, कुठे आहे, काही बोलली नाही. जेसनने आईला चकित करायचं ठरवलं होतं आणि ते चकित करणं क्षितिजा जिवापाड सांभाळत होती. तिचंही काही चुकलं असं म्हणवत नाही. पण बोलली असती तर बरं झालं असतं.

डिसेंबर लागला. नाताळच्या आधी पाचूबंदरला घर धुऊन काढतात. पडदे, भांडी, माळ्यावरचे डबे, क्रूसाचं पितळ, काही सुटत नाही. फिलोमिनाने सगळं केलं, फक्त जेसनचं कपाट उघडलं नाही. दोनदा हात कडीपर्यंत गेला आणि परत आला. मग दुपारी ती यंत्र घेऊन ओट्यावर बसली. कपाट नाही तर नाही, पोराचं हे तरी आवरू म्हणाली.

आणि आवरण्याजोगं होतंच. राक्षस ठेवायचे खोके असतात गेममध्ये. पहिल्या खोक्यात पाच जण ऐटीत, आणि मागच्या खोक्यांमध्ये पिल्लंच पिल्लं. एकासारखं एक, सगळ्यांच्या अंगावर लेव्हल एक. सप्टेंबरपासून दाटीवाटीने अडकून पडलेली.

क्लेमेंटच्या घरात एक रीत होती, त्याच्या बापापासूनची. जाळ्यात बारकी पापलेटं आली आणि जीव धरून असली की ती पाण्यात परत जायची. विकली तर चटणीपुरते पैसे येतील, पण सासरा म्हणायचा, "बारकी सोडून द्यायची. सोडलेली परत येते." लग्न होऊन आलेल्या फिलोमिनाला या घराने पहिली शिकवलेली गोष्ट हीच. आणि क्षितिजाने एकदा दाखवलं होतं, "हे रिलीज, आंटी. म्हणजे सोडणं. नको असलेली पिल्लं सोडतात, ती जंगलात जातात." शब्दही तोच. मग शंका कसली यायची?

तीन दुपारी ती पिल्लं सोडत बसली. सगळी एकदम नाही, एकेक. यंत्र इंग्रजीत काहीतरी विचारायचं, ती हो म्हणायची, पिल्लू लहान लहान होत जायचं आणि दिसेनासं व्हायचं. प्रत्येकाला ती म्हणायची, "जा बाळा. मोठा हो." तिसऱ्या दुपारी एका पिल्लाचं नाव बाकीच्यांपेक्षा आखूड दिसलं. बाकीच्यांची लांबलचक, याची चारच अक्षरं. तिचं बोट थांबलं. पिल्लू तेच, तोंड तेच, लेव्हल एक. जीव बारका म्हणून नावही बारकं, असं म्हणून तिने त्यालाही सोडलं. "जा बाळा. मोठा हो."

संध्याकाळी तिला फार दिवसांनी हलकं वाटलं. क्लेमेंटला तिने सुरमईचा मोठा तुकडा वाढला.

रविवारी क्षितिजा आली ती केक घेऊन. जेवण झालं. तिने यंत्र हातात घेतलं, मागचे खोके उघडले, एक, दोन, तीन, चार, आणि परत पहिल्यापासून.

"आंटी, इथली पिल्लं?"

"सोडली!" फिलोमिना कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "नाताळची सफाई. तीन दिस लागले बघ."

क्षितिजा घाईघाईने म्हणाली, "बरं केलंत. काही नाही. छान केलंत." आणि केक कापायला सुरी शोधू लागली, जी तिच्यासमोरच होती.

फिलोमिनाने तिचं मनगट धरलं. "शितू, माझ्याकडं बघ. तीस वरसं मासळीचा डोळा बघते मी. काय केलं मी?"

मग क्षितिजा रडायलाच लागली. रडत रडत सांगितलं ते असं. सहावी त्याच पिल्लांमध्ये होती. सातशे बाराव्या अंड्यातून निघालेली, सहाही बाजूंनी भरलेली. जेसन तापाने पडला त्याच्या आदल्या दिवशीची. वाढवायला वेळच मिळाला नाही, म्हणून लेव्हल एक. बाहेरून बाकीच्यांसारखीच.

"ती सगळ्यांत हळू असते, आंटी. स्वतः कुणाला मारत नाही. पुढे उभी राहते, दुसऱ्यावरचा वार अंगावर घेते. जेसन म्हणाला, हिच्याशिवाय बाकी पाच जण काही कामाचे नाहीत."

"नाव काय ठेवलंन?" फिलोमिनाने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

क्षितिजाने मान हलवली. सांगेना.

"शितू, नाव सांग."

"फिलू."

घरात फिलोमिनाला फिलू म्हणणारी तिची आई होती, ती केव्हाच गेली. जेसन कधीतरी लाडात आला की तेवढा म्हणायचा, "फिलू, भूक लागली." चार अक्षरं. तिने क्षितिजाकडून ती कागदावर लिहून घेतली आणि बघत राहिली. एफ, आय, एल, यू. हो, हीच होती. बोट थांबलं होतं तिचं.

"परत नाय आनता येत?"

"नाही, आंटी. सोडली की गेली." आणि मग डोळे पुसून ती म्हणाली, "पण मी दुसरी काढते. महिना आहे. हुबेहूब तशीच काढते, आकडे तेच येतील, नावही तेच ठेवू. कुणाला कळणारसुद्धा नाही."

फिलोमिना उठून मागच्या दारी गेली. क्लेमेंट जाळं विणत बसला होता. भिंतीपलीकडून त्याने सगळं ऐकलं असणार, कारण हातातली सुई थांबली होती.

"अवो," ती म्हणाली, "सोडलेली परत येते ना? तुमचा बा सांगायचा ना?"

क्लेमेंट कधी खोटं बोललेला माणूस नाही. त्या दिवशी बोलला असता तर देवाने माफ केलं असतं. पण त्याने जाळ्याकडे बघत सांगितलं, "पापलेट येते गो, वरसाला. तीच येते का दुसरी, ते कोन सांगनार?"

ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि रडली, मोठ्याने, शेजारपाजार ऐकेल असं. पोराला मातीत ठेवताना ती रडली नव्हती, तेही त्यातच आलं.

क्षितिजाने तरी दुसरी काढलीच. तीन आठवडे खपली आणि स्पर्धेच्या आदल्या रविवारी दाखवायला घेऊन आली. सहाही बाजू भरलेल्या. फक्त नाव ठेवायचं बाकी होतं. फिलोमिनाने तिला नीट पाहिलं, पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "गुनाची हाय. तुझ्याकडं ठेव, तुझ्या टीमला लागंल. याच्या टीमला नको."

"पाच जणांनी खेळायचं?"

"पाच जनांनी."

ठाण्याच्या त्या हॉलमध्ये सगळी विशी-पंचविशीची पोरं, आणि त्यांत नऊवारीतली ही एकटी. टेबलावर क्षितिजा खेळायला, शेजारी फिलोमिना, हातात चार अक्षरांचा तो कागद, घडीवर घडी पडलेला. पडद्यावर जेसनचं नाव आलं. खाली एका ओळीत घोळ, मुशी, बांगडा, शेवंड, कुपा, आणि त्यांच्यापुढे रिकामा चौकोन.

समोरचा मुलगा भला होता. त्याला वाटलं, यांच्याकडून नजरचुकीने राहिलं. "आंटी," तो वाकून म्हणाला, "तुमचा एक कमी आहे. सहावा टाकायचा राहिला का?"

क्षितिजा काही बोलणार, तोच फिलोमिना म्हणाली, "राहिला नाय बाबा. होती सहावी. मीच सोडली."

"का?"

फिलोमिनाने कागद कमरेला खोचला.

"बारकी होती," ती म्हणाली.