कढी भातावर घेणारी पाहुणी

ती घटना अजून मनातून जात नाही, आणि गंमत म्हणजे कागदोपत्री ती माझी झटपट सुटलेली केस आहे.

ऐंशीच्या दशकात मी मालवणला फौजदार होतो. मूळचा घाटावरचा. एका दुपारी इंदूरचा एक गृहस्थ धापा टाकत ठाण्यात आला. सहकुटुंब फिरायला आलेला. सकाळी किल्ला पाहिला, खानावळीत जेवले, बायको बाजारात काजू आणि खाजा घेत होती तेवढ्यात सत्तरीची आई दिसेनाशी झाली. संध्याकाळी गोव्याला पोचायचं होतं. "साहेब, आमचं इथं कुणीच नाही हो!" म्हणत तो रडायलाच लागला.

स्टेशन डायरीला नोंद घेतली, वर्णन बिनतारीवर दिलं, एक शिपाई जेटीवर आणि एक एसटी स्टँडवर पिटाळला. मी मात्र हवालदाराला घेऊन खानावळ गाठली. माणूस कुठं जेवलं ते आधी विचारावं. जेवताना कुणी फारसं सोंग करत नाही.

खानावळवाली कानावर हात ठेवून मोकळी. "माका काय एक म्हायत नाय." हवालदारानं सहज विचारलं, म्हातारी जेवली तरी का नीट?

"जेवली तर! बाकीच्यांनी सोलकढी पयलीच सरबतासारखी पिऊन टाकल्यानी. म्हातारेन मातर शेवटाक भातार घेतल्यान."

हवालदार माझ्याकडं बघून हसला. "साहेब, कढी भातार घेता म्हंजे ही म्हातारी हंयचीच आसा."

मग मी आवाज चढवला. "म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर तुमचाच जबाब घेणार, समजलं?"

बाई रडकुंडीला आली. "कोणाक सांगा नको म्हणाली हो! धामापूरची एस्टी अजून पयल्याच जाग्यावरसून सुटता काय, इतक्याच इचारल्यान."

मुलाला बाजूला घेऊन खोदून विचारलं. आईनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेलं. मोठ्या मामानं नाव टाकलं. माहेरचं गाव कुठलं, हे तिनं मुलाला कधी सांगितलंच नव्हतं. किल्ला बघायचा हट्ट मात्र तिचाच.

मुलाला सोबत घेऊन जीप काढली. धामापूरला भगवतीच्या देवळाच्या पायरीवर म्हातारी बसलेली. देवीची ओटी भरून झाली होती. मला बघून दचकली नाही. माडांपलीकडच्या एका कौलारू घराकडं बोट केलं.

"थंय माझो थोरलो भाव रवता. दोन तास झाले, पाय उचलणा नाय. त्याना दार लावून घेतल्यान तर?" मग अगदी हळू म्हणाली, "अर्धो तास द्या. वायच धीर येवंदे."

मुलानं घड्याळ पाहिलं. मीही पाहिलं. "आजी, सगळे खोळंबलेत," असं म्हणून मी तिला जीपमध्ये बसवलं. ती वळण येईपर्यंत मागं बघत होती. ठाण्यात मी 'मिळून आली' अशी नोंद केली आणि वरिष्ठांनी पाठ थोपटली.

आठवड्यानं समन्स बजावायला धामापूरला गेलो, तेव्हा मुद्दाम त्या घरी डोकावलो. भाऊ पडवीत सुपारी सोलत होता. सगळं सांगितलं. त्याचे हात थांबले.

"बाय इली हुती? हंय, देवळापर्यंत?" मग माझ्याकडं बघत राहिला. "आणि तुमी तिका परत धाडलात?"

मी इंदूरचा पत्ता लिहून दिला. त्यानं लगेच पत्र टाकलं, तिचं उत्तरही आलं म्हणे. पण एवढ्या लांबच्या प्रवासाचं त्याचं वय नव्हतं, आणि तिला पुन्हा कुणी आणलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तो गेला.

पोलिसाला माणूस शोधायला शिकवतात. सापडलेल्या माणसाजवळ थोडं थांबावं, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मलाही सुचलं नाही. आता मीही सत्तरीचा झालोय. फार फार वाटतं, पुन्हा त्या पायरीशी जीप उभी करावी, इंजिन बंद करावं आणि म्हणावं, "चला आजी, मी येतो दारापर्यंत."